यकृतावरील वण आणि समाजाचा निवाडा

शास्त्रीय ग्रंथ मराठीत आणणाऱ्याला काही शब्द त्यांच्या अर्थामुळे अडवितात, तर काही शब्द त्यांच्यामागे लागलेल्या लौकिकामुळे अडवितात. 'सिरोसिस' हा दुसऱ्या जातीचा शब्द आहे. त्याचा अर्थ सांगणे मुळीच कठीण नाही. ज्या फ्रेंच वैद्याने छातीतील ध्वनी ऐकण्यासाठी स्टेथॉस्कोप शोधून काढला, त्या रेने लेनेक याने १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे नाव योजिले. शवविच्छेदन करताना त्याला काही रोग्यांचे यकृत आकसलेले, गाठीगाठींचे आणि पिवळसर तपकिरी रंगाचे आढळले. तशा रंगाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याने रोगाचे नाव बेतले. मूळ नाव असे केवळ रंगाचे आहे. त्यात कारणाचा उल्लेख नाही आणि कोणाच्या वर्तनाचा तर नाहीच नाही.

परंतु आपल्याकडे हा शब्द कानी पडताच मनात जो अर्थ उमटतो, तो ग्रीक कोशातला नसतो. 'दारूने होणारा रोग' हाच त्याचा रूढ अर्थ होऊन बसला आहे. अमक्याचे यकृत बिघडले एवढे कळले की ऐकणारा आवाज खाली करून विचारतो, "घेत होते का?" ह्या प्रश्नात चौकशी थोडी आणि निवाडा फार असतो. प्रस्तुत लेखात मला जे मांडावयाचे आहे ते असे की, हा निवाडा वैद्यकाच्या दृष्टीने अपुरा आहे आणि अपुरा असल्यामुळेच तो घातक ठरतो. जो मद्य घेतो, तो लाजेपायी वैद्याकडे जाण्याचे टाळतो. ज्याने मद्याला कधी स्पर्शही केला नाही, तो हा रोग आपल्या वाट्याचा नव्हेच असे समजून निर्धास्त राहतो. दोघेही उशिरा येतात, आणि ह्या रोगात उशिराइतका दुसरा मोठा शत्रू नाही. हे म्हणणे पटण्यासाठी रोगाची जडणघडण प्रथम समजून घेतली पाहिजे.

यकृताचे काम

'काळीज' हा शब्द आपण भावनेच्या भरात हृदयासाठी वापरतो. परंतु खाटकाच्या दुकानी काळीज मागितले असता जे मिळते, ते यकृतच होय. शरीराच्या आतील इंद्रियांत ते सर्वांत मोठे. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे १.२ ते १.५ किलोग्रॅम भरते. उजव्या बाजूस, मध्यपटलाच्या खाली, बरगड्यांच्या आड ते सुरक्षित असते.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. एक रोहिणी हृदयाकडून प्राणवायूयुक्त रक्त आणते. दुसरी वाट मात्र विशेष आहे. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतून निघणारे रक्त थेट हृदयाकडे न जाता 'प्रवेशिका नीला' नावाच्या मोठ्या शिरेवाटे आधी यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त ह्याच वाटेने येते. खाल्लेले अन्न, प्यालेले पेय आणि घेतलेले औषध ह्या सर्वांची, सर्व शरीरात पसरण्यापूर्वी, जकातनाक्यावर व्हावी तशी येथे छाननी होते.

ह्याखेरीज यकृत जादा साखर साठवून ठेवते व गरजेच्या वेळी ती रक्तात सोडते. चरबीच्या पचनासाठी पित्त तयार करते. रक्त गोठण्यास लागणारी बहुतेक प्रथिने तेच बनविते. रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिनही तेथेच बनते. आतड्यात उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते निरुपद्रवी युरियात रूपांतर करते. वाचकाने ही कामे ध्यानात ठेवली, तर पुढे सांगावयाची लक्षणे पाठ करण्याची गरज पडणार नाही. त्यांची उपपत्ती आपोआप लागेल.

वण कसा पडतो

यकृताची एक शक्ती विलक्षण आहे. निरोगी माणसाच्या यकृताचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढून घेतला, तरी उरलेला भाग वाढून काही आठवड्यांत वा महिन्यांत पुष्कळसा पूर्ववत् होतो. एखाद्या वेळच्या इजेतून यकृत म्हणूनच बहुधा निर्वेध बाहेर पडते. संकट उद्भवते ते इजा थांबतच नाही तेव्हा. वर्षानुवर्षे रोज थोडी इजा आणि रोज थोडी डागडुजी असा क्रम चालला, म्हणजे डागडुजीच घातक होऊ लागते.

गुडघा खरचटल्यावर तेथे जसा वण राहतो, तसाच वण यकृताच्या आतही पडतो. यकृतात ताराकृती कोशिका नावाच्या काही कोशिका असतात. एरवी त्या शांतपणे 'अ' जीवनसत्त्व साठवीत असतात. परंतु इजा चालूच राहिली की त्या जाग्या होऊन कोलॅजेन नावाचे चिवट तंतू विणू लागतात. हे तंतू हळूहळू पट्ट्यांसारखे पसरतात. त्यांच्यामध्ये सापडलेल्या यकृत-कोशिका वाढण्याची धडपड करतात आणि त्यांच्या गोल गाठी बनतात. मऊ, एकसंध यकृताच्या जागी अखेर तंतूंनी करकचून बांधलेल्या गाठींचा कठीण गोळा तयार होतो. हाच सिरोसिस. शास्त्रीय मराठीत त्याला 'यकृत्-सूत्रण' म्हणतात. सूत्र म्हणजे धागा. शवाचा रंग सांगणाऱ्या मूळ ग्रीक नावापेक्षा, जिवंत शरीरात काय घडते आहे हे सांगणारा हा मराठी शब्द मला अधिक यथार्थ वाटतो. रोग्याला वैद्याच्या तोंडून 'सिरोसिस' हाच शब्द ऐकावयाचा असल्यामुळे दोन्ही शब्द त्याला ठाऊक असावेत. पण 'दारूचा रोग' हा तिसरा शब्द मात्र व्यवहारातून जावा.

लक्षणे: आधी मौन, मग गोंधळ

सिरोसिसची सर्वांत फसवी बाजू अशी की आरंभी त्याला लक्षणेच नसतात. यकृताच्या गाभ्याला वेदना कळत नाही, आणि अर्ध्याहून अधिक यकृत निकामी होईपर्यंत उरलेला भाग सर्व काम ओढीत राहतो. ह्या सावरलेल्या अवस्थेत रोग्याला काहीच वाटत नाही, किंवा थकवा, मंदावलेली भूक आणि उतरणारे वजन एवढ्याच तक्रारी असतात. आणि ह्या तक्रारी कोणाला नसतात? पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा रक्ततपासणीत बिंबाणूंची संख्या कमी आढळून रोगाचा सुगावा लागतो. बारकाईने पाहणाऱ्या वैद्याला काही बाह्य खुणा दिसू शकतात: तळहातांच्या कडा लाल होणे, छातीवर व खांद्यांवर कोळ्याच्या पायांसारख्या फाकलेल्या बारीक रक्तवाहिन्या उमटणे, पुरुषांच्या स्तनांची वाढ होणे, दंडांचे स्नायू झिजणे.

पुढे यकृताचा तोल ढासळतो आणि मग चार मोठी लक्षणे एकेकटी किंवा एकत्र प्रकट होतात.

पहिले लक्षण जलोदर. कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही, त्यामुळे प्रवेशिका नीलेतील दाब वाढतो. इकडे अल्ब्युमिन कमी पडल्याने पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, आणि मूत्रपिंडेही मीठ व पाणी साठवू लागतात. परिणामी पोटात पाणी साचते आणि पाय सुजतात. आपल्या प्राचीन वैद्यांना हे लक्षण चांगले परिचित होते; आयुर्वेदाने उदररोगांत त्याची स्वतंत्र गणना केली आहे. जलोदराच्या रोग्याला ताप आला किंवा त्याचे पोट दुखू लागले, तर साचलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी एक दिवसही दवडू नये.

दुसरे लक्षण रक्तस्राव. यकृताची वाट अडल्यामुळे रक्त आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या खालच्या भागातील शिरा त्यामुळे फुगतात आणि एखादे दिवशी फुटतात. रोग्याला रक्ताची वांती होते किंवा डांबरासारखी काळी शौचाला होते. ह्याच दाबामुळे प्लीहाही वाढते. गोठण घडवून आणणारी प्रथिने कमी झाल्याने किरकोळ धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग उठतात.

तिसरे लक्षण बुद्धिभ्रम. अमोनिया व इतर विषारी द्रव्ये यकृताला चुकवून मेंदूपर्यंत पोचतात. आरंभी रोगी दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, चिडचिडा होतो. त्याचे हस्ताक्षर बिघडते. नंतर तो बरळू लागतो, हात पुढे धरले असता ते पंखांसारखे फडफडतात, आणि अखेर तो बेशुद्ध होतो. बद्धकोष्ठ, रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा झोपेची गोळी एवढेही निमित्त त्याला पुरते. वेळीच ओळखल्यास ह्या भ्रमावर चांगला उपचार आहे. परंतु ज्या समाजाने ह्या रोगाचा दारूशी कायमचा विवाह लावून ठेवला आहे, तेथे लडखडणाऱ्या आणि बरळणाऱ्या रोग्याला पाहून "पुन्हा प्यायला दिसतो" असे म्हणून त्याला कोपऱ्यात निजवितात. उपचाराचे मोलाचे तास तेथे जातात.

चौथे लक्षण कावीळ. मरून जाणाऱ्या लाल रक्तकोशिकांतून निघणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य यकृताने पित्तावाटे बाहेर टाकावयाचे असते. ते काम अडले की डोळे, त्वचा व लघवी पिवळी होतात.

सावरलेल्या अवस्थेतील रोगी साधारणतः १२ वर्षांहून अधिक जगतो, तर तोल ढासळल्यावर उपचार न जमल्यास ही मुदत सुमारे २ वर्षांवर येते असे रोग्यांच्या दीर्घ पाहण्यांतून दिसून आले आहे. ज्याला आपण 'रोग सुरू झाला' असे म्हणतो, ते वास्तविक रोगाचे उत्तरायुष्य असते.

काविळीविषयी दोन शब्द

कावीळ हा रोग नसून लक्षण आहे, ही गोष्ट आपल्या समाजात अद्याप रुजलेली नाही. कावीळ 'उतरविणारे' ठिकठिकाणी आहेत. कोणी वनस्पतीच्या काड्यांची माळ गळ्यात घालतो आणि ती लांबत जाईल तशी कावीळ उतरते असे सांगतो. काड्या सुकतात, सैल गाठी सरकतात, म्हणून माळ लांबते. तिचा यकृताशी संबंध नाही. तरीही लोकांना गुण आल्याचा अनुभव येतो, त्याचे कारण साधे आहे. दूषित अन्नपाण्यातून होणारी 'ए' व 'ई' ह्या विषाणूंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. श्रेय माळेला मिळते. परंतु तीच माळ सिरोसिसच्या रोग्याच्या गळ्यात पडली, तर ती लांबेपर्यंत रोगीही हातचा जातो. ह्या उपचारकांशी माझे भांडण श्रद्धेवरून नाही, वाया जाणाऱ्या वेळेवरून आहे.

कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. वास्तविक रोग्याला तसे काही दिसत नाही. पण सिरोसिसकडे पाहताना समाजाची दृष्टी मात्र खरोखरच एका रंगाने माखलेली असते.

ज्यांनी मद्य पाहिलेही नव्हते

सिरोसिसची कारणे अनेक आहेत. मद्य हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे. 'बी' आणि 'सी' ह्या विषाणूंमुळे होणारा दीर्घकालीन यकृतशोथ हे दुसरे. मधुमेह व स्थूलता यांच्या संगतीने यकृतात साचणारी चरबी हे तिसरे. आणि हे तिसरे कारण आपल्या देशात झपाट्याने पुढे येत आहे. शाकाहारी, निर्व्यसनी आणि दिसावयास सडपातळ माणसाच्या यकृतातही अशी चरबी असू शकते. ह्याशिवाय शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटणे, पित्तमार्ग अडणे, लोह किंवा तांबे साठून राहणे अशी इतर कारणे आहेत. ह्यांतील तांब्याची हकिकत मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण 'सिरोसिस म्हणजे दारू' ह्या समजुतीला तिच्याइतके समर्पक उत्तर मला दुसरे सापडत नाही.

आपल्या देशात एके काळी एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंतच्या वयाच्या बालकांना एक भयंकर रोग होत असे. पोट वाढे, यकृत दगडासारखे लागे, मग कावीळ व जलोदर होई, आणि काही महिन्यांत बालक दगावे. पुष्कळदा एकाच घरातील एकामागून एक मुले त्याला बळी पडत. १८८७ साली कलकत्त्याहून ह्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे त्याला 'भारतीय बाल-सिरोसिस' असे नाव पडले. ही घरे बहुधा खाऊनपिऊन सुखी, सोवळ्याओवळ्याची आणि मद्याचा वाराही न लागलेली अशी होती. अन्नाची न्यूनता, विषाणू, बुरशीचे विष, वंशदोष अशी नाना अनुमाने झाली. पण उलगडा होईना.

१९७९ च्या सुमारास ह्या बालकांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो, हे ठळकपणे पुढे आले. हे तांबे येते कोठून, ह्याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने घेतला. त्यांनी रोगी बालकांच्या घरची राहणी तपासली. अंगावरचे दूध लवकर तोडून किंवा त्याच्या जोडीने बालकाला गाईम्हशीचे दूध दिले जाई, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविले वा ठेविले जाई. १९८३ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि संशयाची सुई भांड्याकडे वळली.

आपल्या घरोघरच्या स्त्रियांना पितळेचा गुण ठाऊक नव्हता असे नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, चिंच कळकते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते; म्हणून तर कल्हईवाला गल्लीतून हाक देत फिरे. परंतु दूध आंबट नसते, त्याविषयी कोणाला शंका आली नाही. दुधातील प्रथिन तांब्याला धरून ठेवते आणि तान्ह्या बालकाचे यकृत ते पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकू शकत नाही, हे जिभेला कळण्यासारखे नव्हते. तांबे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यकच आहे, आणि त्याच दुधाने थोरांना काही होत नसे. सर्वच बालकांना हा रोग होत नसे, ह्यावरून काहींच्या ठायी जन्मजात दुर्बलता असावी असेही अनुमान आहे. तथापि भांडी बदलली, स्तनपानाचा प्रसार झाला, आणि हा रोग झपाट्याने ओसरत जाऊन १९९० नंतर दुर्मिळ झाला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही असेच घडले होते. तेथे १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ बालके अशाच रोगाने मरण पावली, आणि तांब्याची भांडी वापरातून गेल्यावर रोग थांबला. ही गोष्ट १९९६ साली प्रसिद्ध झाली.

ह्या हकिकतीचा बोध माझ्या मते स्पष्ट आहे. रोगाचे कारण कोणाच्या चारित्र्यात न शोधता कोणी तरी चुलीवरच्या भांड्यात शोधले, म्हणून ते सापडले.

शास्त्रानेच नावे बदलली

लोकसमजुतीने होणारी हानी ही काही भाषांतरकाराची कल्पना नव्हे. जगातील यकृततज्ज्ञांनीही ती मान्य केली आहे. यकृतातील बारीक पित्तनलिकांचा एक रोग मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांना होतो. त्याच्या नावात कित्येक दशके 'सिरोसिस' हा शब्द होता. बहुसंख्य रोग्यांना निदानाच्या वेळी सिरोसिस झालेलाही नसे, परंतु नावामुळे त्यांच्यावर मद्यपानाचा संशय मात्र येई. रोग्यांनीच आग्रह धरला आणि २०१५ साली तो शब्द काढून त्या जागी 'कोलॅन्जायटिस', म्हणजे पित्तनलिकांचा दाह, हा शब्द आला. पुढे २०२३ साली चरबीमुळे होणाऱ्या यकृतरोगाचे 'मद्याविना होणारा' असे वर्णन करणारे जुने नावही बदलण्यात आले. जो रोग मद्याने होत नाही, त्याच्या नावातही मद्याचा उल्लेख का असावा, हा प्रश्न रास्तच होता. 'चरबीयुक्त' हा शब्दही रोग्यांना हिणविणारा आहे असे मत पडले.

एक आक्षेप

काही वाचक येथे म्हणतील की, अशा लिखाणाने मद्यपानाचा दोष सौम्य होतो. दारूची भीती आहे तीही जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. मद्य यकृताला निश्चितपणे इजा करते. ते देशी आहे की विलायती, बाटली स्वस्त आहे की महाग, ह्याने फरक पडत नाही. शरीरात अल्कोहोल किती गेले आणि किती वर्षे गेले, ह्याने पडतो. स्त्रियांच्या यकृताला तुलनेने थोड्या मद्यानेही इजा पोचते. ज्याला 'बी' किंवा 'सी' विषाणूची बाधा अथवा मधुमेह आहे, त्याने मद्य घेणे म्हणजे दोन आगी एकत्र करणे होय. कोणत्याही कारणाने सिरोसिस झालेला असो, मद्य संपूर्ण वर्ज्य करणे ही पहिली आज्ञा आहे.

परंतु मद्याची भीती घालणे आणि मद्यप्याची लाज काढणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. भीतीने माणूस सावध होतो, लाजेने तो लपतो. लपलेल्या माणसाला मद्य सोडण्यासाठी साहाय्य देता येत नाही, त्याची तपासणी करता येत नाही, आणि त्याने वैद्यापासून खरे प्रमाण चोरून ठेवले तर निदानही चुकते. मद्य सोडल्यावर ढासळलेले यकृतही कित्येकदा पुन्हा सावरते. व्यसनी माणसालाही हे कळण्याचा अधिकार आहे. निर्दोष रोग्यांची बाजू घेताना दोषी रोग्यांना वाऱ्यावर सोडावे, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. रुग्णालयाच्या दारात दोष आणि निर्दोष हा भेदच अस्थानी आहे.

आज काय करता येईल

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन असे की, ह्या रोगाच्या बाबतीत आपण पूर्वीइतके असहाय राहिलेलो नाही. बरूक ब्लम्बर्ग यांनी १९६५ साली ज्या शोधाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यातून 'बी' विषाणूचा उलगडा झाला व लस निर्माण झाली. त्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मतः ह्या विषाणूची बाधा झालेल्या बालकांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, तर प्रौढपणी बाधा झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून जन्मापासून २४ तासांच्या आत द्यावयाच्या पहिल्या मात्रेला एवढे महत्त्व आहे. २०११ पासून ही लस आपल्या देशभरच्या बालकांच्या नित्य लसीकरणात आहे. १९८९ साली ओळखल्या गेलेल्या 'सी' विषाणूवर लस नाही, परंतु साधारणतः १२ आठवडे गोळ्या घेतल्याने १०० पैकी ९५ वा अधिक रोगी पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ह्या दोन्ही विषाणूंची तपासणी व उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य होतात. हे विषाणू रक्तावाटे, निर्जंतुक न केलेल्या सुयांवाटे, शरीरसंबंधातून आणि मातेकडून बालकाकडे जातात. एका ताटात जेवल्याने किंवा हातात हात घेतल्याने जात नाहीत.

वणाविषयीची जुनी निराशाही आता उरलेली नाही. कारण दूर केले तर यकृतातील तंतू पुष्कळ अंशी विरघळू शकतात, आणि प्रगत अवस्थेतही काही रोग्यांत सुधारणा दिसते. सुई न टोचता, कंपनाच्या लहरींवरून यकृताचा ताठरपणा मोजणारी यंत्रे मोठ्या शहरांतून उपलब्ध आहेत. फुगलेल्या शिरा फुटण्यापूर्वी दुर्बिणीतून पाहून बांधता येतात. सिरोसिस झालेल्या यकृतात कर्करोगाचे भय असते, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून तो लवकर पकडता येतो. अखेरचा उपाय म्हणून यकृतारोपण आहे. पण ते खर्चाचे आहे आणि दाते थोडे आहेत. तेथपर्यंत जाण्याची वेळ न येणे हेच श्रेयस्कर.

शाळांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की, पचनसंस्थेचा धडा शिकविताना यकृताचे चित्र काढून न थांबता ह्या चार-पाच कारणांची ओळख मुलांना करून द्यावी. मुले ती गोष्ट घरी नेतात. आणि वाचनालयात हे पुस्तक चाळणाऱ्या प्रौढ वाचकाला सांगावयाचे ते असे: आपल्याला मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढला असेल, पूर्वी कधी रक्त घ्यावे लागले असेल, घरात कोणाला यकृताचा रोग असेल किंवा आपण मद्य घेत असाल, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका. पुढल्या वेळी रक्त तपासावयास द्याल तेव्हा यकृताची तपासणी आणि 'बी' व 'सी' विषाणूंची तपासणीही मागून घ्या. थोडेसे रक्त त्याला पुरते. आणि शेजारी कोणाचे पोट पाण्याने भरल्याचे कानी आले, तर कारण विचारण्यापूर्वी त्याला वैद्याकडे नेण्यास गाडी मिळाली की नाही, हे विचारा.